रिफायनर म्हणजे नियारिया

"साफ करने वाला," माझ्या नवऱ्याने मोबाईलवर वाचलं आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "बघ. रिफायनरला उर्दूत म्हणत्यात साफ करने वाला. आता काय म्हणणं हाय तुझं?"

म्हणणं हेच होतं, की तो मोबाईल चुलीत घाल. साफ करणारा! भांडी घासणारी बाईपण साफच करते. फरशी पुसणाराही साफच करतो. मी ज्या गल्लीत वाढले तिथे हा शब्द असा कुणी वापरलेला मी जन्मात ऐकला नाही. पण नवरा पडला माजी फौजी. त्याला हिंदी येतं म्हणजे उर्दूही येतं, असा त्याचा समज. त्यात मुलीला स्थळ आलेलं, म्हणून गडी खूश.

स्थळाचा फोटो आणि माहिती व्हॉट्सअॅपवर आली होती. मुलगा विट्याकडचा, घरची शेती थोडी, राहायला लखनौ. व्यवसायापुढे इंग्रजीत ठसठशीत लिहिलेलं, गोल्ड रिफायनर. नणंदेने फोन करून वर सांगितलं, "वहिनी, सोन्याचं काम हाय. पोरगी सोन्यात लोळंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण सोन्यात लोळणं म्हणजे काय ते ह्या घरात मला एकटीला माहीत होतं. माझा बाप सोन्यात लोळूनच मेला.

विटा, खानापूर, आटपाडी ह्या भागातली माणसं देशभर गलाईचा धंदा करतात, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. पाऊस दगा देणारा मुलूख, म्हणून माणसं बाहेर पडली आणि जिथे सराफ कट्टा दिसला तिथे भट्टी पेटवून बसली. माझे वडील लखनौला बसले. खाली दुकान, वर आम्ही. मी तिथल्याच शाळेत गेले, तिथल्याच पोरींशी भांडले. शेजारी चांदीचा वर्ख कुटणारं घर होतं, त्या घरातल्या मोठ्या मुलीने मला उर्दूचं अलिफ बे शिकवलं. तिला आम्ही बाजी म्हणायचो. दिवसभर त्यांच्या घरातून हातोडीची ठकठक आणि आमच्या घरातून धूर. त्यांनी आमच्या धुराची तक्रार केली नाही, आम्ही त्यांच्या ठकठकीची नाही.

त्या गल्लीत माझ्या बापाला नियारिया म्हणत.

नियारिया म्हणजे वेगळं काढणारा. सोनाराच्या दुकानातली झाडलोट असते ना, तो केर, ती राख, सोनार बसतो ती चटई, भट्टीतली माती, हात धुतलेलं पाणी, हे सगळं नियारिया घेऊन जातो. जाळतो, कुटतो, परातीत पाण्याने धुतो, मग तेजाबात टाकतो. तेजाब म्हणजे ॲसिड. त्यातून लालपिवळा धूर निघतो, आणि शेवटी तळाशी मातकट भुकटी उरते ती सोनं. कुणी लखनवी बाई तांदूळ निवडताना एकेक खडा वेचायला लागली की दुसरी तिला हसून म्हणायची, "बड़ी नियारिया हो गई हो!" एखाद्या हुशार, कुणाच्या हाती न लागणाऱ्या माणसालाही नियारिया म्हणत. आणि सराफ्यातले लोक तर पुढे पुढे तो शब्दही वापरेनासे झाले. "माल मराठे के यहाँ भेज दो," एवढंच म्हणायचे. आमच्याकडची इतकी माणसं तिथे भट्टीवर बसली होती, की त्या गल्लीत मराठा ही जात नव्हती, तो धंदा होता. इकडे गावात मिशीला पीळ देऊन तो शब्द बोलणाऱ्यांना मी हे कधी सांगत नाही. उगाच कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

तर मोबाईलला काय कळतंय. त्याला धूर येत नाही.

माझ्या बापाची छाती त्या धुराने खाल्ली. आधी खोकला, मग जिना चढताना दम, मग बोलताना दम. मला शाळेतून काढलं, दुकान चुलत्याच्या हवाली केलं आणि आम्ही गावी आलो. बाप भिंतीला टेकून बसायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले. झोपला की गुदमरायचा, म्हणून बसूनच झोपायचा. मिरजेच्या दवाखान्यात नेला, तिथून परत आणला तो पांढऱ्या चादरीत. माझ्या आईचं तेव्हा वय काय, तर माझ्या आताच्या वयाच्या निम्मंसुद्धा नाही. पुढचं सगळं आयुष्य तिने दुसऱ्याच्या रानात वाकून काढलं, आणि गलाईवाल्यांचे बंगले उठताना बघितले. मी तेव्हाच ठरवलं होतं. लग्न फलटणच्या बाजूला, ऊसवाल्यांच्यात केलं. पुढे मराठी शाळेत मास्तरीण झाले. आणि पोटची पोर गलाईवाल्याला द्यायची नाही, विहिरीत ढकलीन पण देणार नाही, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, तेव्हा तर पोरगी झालीही नव्हती.

"आगं, आता तसलं काय ऱ्हायलं न्हाई," नवरा म्हणाला. "मशिनी आल्यात. रिफायनर हाय त्यो. बघायला काय जातंय?"

पोरगी शिरवळच्या एका औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये कामाला आहे. तिथेच मैत्रिणींबरोबर खोली करून राहते, सुट्टीला घरी येते. तिला विचारलं तर म्हणाली, "बघू की. बघितलं म्हणजे लगेच लग्न लागतंय व्हय?" माझ्यासारखी ती बोलत नाही. तिचं सगळं शांतपणे असतं, त्याचा मला फार राग येतो.

रविवारी सकाळी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याचा मामा आणि गाडी चालवणारा मामाचा कुणी मित्र. मुलाचे वडील आले नव्हते. "दाजींचं गुडघं दुखत्यात, परवास झेपत न्हाई," मामाने दारातच सांगून टाकलं. मामा म्हणजे बोलायचं यंत्र. बोटात अंगठ्या, गळ्यात साखळी, बसल्या बसल्या त्याने आमच्या उसाचं टनेज विचारलं, कारखान्याला नावं ठेवली, माझ्या नवऱ्याची पलटण कुठली ते विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधी स्वतःच्या मेव्हण्याच्या लखनौच्या दुकानावर आला.

"एसी हाय दुकानात. सोनं मशिनीत ठेवायचं, आकडा इतोय. भाचा आमचा फकस्त काउंटरला. हात काळं करायचं कामच न्हाई. आवं, लोक सर म्हणत्यात त्याला!"

"मग भट्टीवर कोण बसतं?" मी विचारलं.

"भट्टी? आवं वहिनी, कुठल्या जमान्यात हाय तुमी? आता रिफायनरी म्हणत्यात."

"म्हणू देत. बसतं कोण?"

"हाईत की पोरं ठेवलेली," मामा म्हणाला आणि त्याने वेफर्सची बशी ओढून घेतली.

मला माणूस खोटं बोलला की लगेच कळतं, चाळीस पोरांच्या वर्गात उगाच नाही जन्म काढला. पण नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी मूग गिळून आत गेले. मुलगा तेवढ्या वेळात एक शब्द बोलला नव्हता. दिसायला बरा. अंगावर इस्त्रीचा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बंद. त्याची आई तर त्याहून मुकी. डोक्यावरचा पदर सावरत सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, जशी काही उठायला सांगतील म्हणून. मला तिचाही राग आला. भाऊ एवढं धडधडीत खोटं बोलतोय आणि ही बया जमिनीकडे बघत बसलीय! पोरीच्या आईला फसवायला आई म्हणून आलीय की साक्षीदार म्हणून?

पोह्यांच्या बश्या झाल्या. मुलगा हात धुवायला उठला. आमचं बेसिन स्वयंपाकघराच्या दाराशीच आहे, मी ओट्यापाशी उभी होते, मला सगळं दिसत होतं.

त्याने आधी साखळीला लटकणारं बूच उचलून बेसिनच्या भोकात बसवलं. मग नळ सोडला. दोन्ही हात सावकाश चोळून धुतले, नखांच्या खालूनसुद्धा. नळ बंद केला. हात झटकले नाहीत, त्या साठलेल्या पाण्यावरच धरून निथळू दिले. आणि ते खरकटं पाणी तसंच ठेवून टॉवेलकडे वळला.

माझ्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली.

सगळ्या जगात हात धुतलेलं पाणी कुणी राखून ठेवत नाही. नियारिया ठेवतो. त्या पाण्यात दिवसभराची धूळ उतरलेली असते, ते पाणी पिंपात जातं. काउंटरवर बसणाऱ्याला ही सवय लागत नाही. ती भट्टीवर, राखेत, वर्षानुवर्षं बसणाऱ्यालाच लागते, आणि मग कुठेही सुटत नाही. माझा बाप लग्नाच्या पंगतीतून उठला तरी ताटातच हात धुवायचा आणि ते ताट आईच्या हातात द्यायचा. बायका फिदीफिदी हसायच्या, आई ताट घेऊन तशीच उभी राहायची. गावी आल्यावर, जेव्हा आमच्याकडे सोन्याचा एक कण नव्हता, तेव्हाही तो वाटीतच हात धुवायचा.

मुलाच्या लक्षात आलं. तो परत वळला, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि त्याने घाईघाईने बूच उपसलं.

मी मराठीत विचारलं नाही. का कोण जाणे, तोंडातून तिकडचंच आलं. "नियारे का काम ख़ुद करते हो?"

तो दचकला. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "जी. भट्टी पर मैं ही बैठता हूँ।" आणि थोडं थांबून मराठीत, "दुसरं कोण बसणार, काकी?"

खरं बोलला म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. उलट डोक्यात तिडीक गेली. मी पदर खोचला आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमचा भाचा भट्टीवर बसतो. स्वतः. आता त्यानेच सांगितलं."

नवऱ्याला पुढचं दिसलं. त्याने लगेच टाळी वाजवल्यासारखं केलं आणि म्हणाला, "आवं, पोरापोरींना बोलू तर द्या. जावा रं, गच्चीवर जावा. वारं हाय." पोरगी निघाली, मुलगा मागोमाग. त्याने जाताना डावा पाय उजव्या बुटात घातला, हे मी बघितलं. मला दया आली नाही.

"बसला म्हणून काय झालं?" मामा आता सोफ्यावर पुढे सरकला होता. "मालक हाय त्यो. मालकानं धंद्यावर बसायचं न्हाई तर काय?"

"मग मघाशी काउंटर काउंटर काय लावलं होतं?"

"आवं, तसं सांगावं लागतंय. भट्टी म्हणलं की पोरीच्या आया दार लावत्यात."

"लावतात ते बरंच करतात."

"बापानं काय घातलं तुमाला खायला?" मामाचा आवाज चढला. "गलाईच्याच पैशावर वाढलासा नव्हं? आता ऊस आला तवा धूर नको झाला व्हय?"

"माझा बाप काढू नका," मी म्हटलं. माझाही आवाज काही गोड नव्हता. "तो कसा मेला ते तुमच्या शेजारच्या गावाला माहितीये. जा, विचारा जाऊन."

"गप की गं," नवरा म्हणाला. "पावनं हाईत." मी म्हटलं, पाहुणे आहेत म्हणून चहा दिला, नाहीतर तांब्याभर पाणीही दिलं नसतं. मामाच्या मित्राने हे ऐकून मोबाईलमध्ये तोंड घातलं. मी तणतणत आत गेले आणि ओट्यावर भांडी आपटायला लागले.

मागून मुलाची आई आली. "जरा पानी द्या," म्हणाली.

मी तांब्या तिच्या पुढे ठेवला, हातात दिला नाही. ती पाणी प्यायली नाही. तिने बाहेरच्या दाराकडे बघितलं, फ्रीजच्या आडोशाला सरकली आणि एकदम माझा हात धरला. बाईचा हात लाकडासारखा होता.

"तुमी न्हाई म्हना," ती म्हणाली.

"काय?"

"पाया पडती. तुमी न्हाईच म्हना. पोरगी द्यू नगासा."

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मुलगा तुमचाच ना?"

"माजाच हाय. म्हणून तर म्हंती." ती इतकं हळू बोलत होती की मला वाकावं लागलं. "मालकांचं गुडघं न्हाईत दुकत. घरात त्यांच्या नाकाला नळी हाय. मशिनीवर श्वास घेत्यात. लाइट गेली की माजा जीव जातोय. तेबी भिताडाला टेकूनच बसत्यात. आता पोरगं बसलंय त्या जागंवर. सांगून सांगून दमली. आयकत न्हाई. म्हंतो, धंदा सोडून काय करू?"

"मग?"

"आमच्या गावातली दोगं-तिगं सोडून आली भट्टी. का, तर पोरीच मिळंनात. एकानं पोल्ट्री घातली, एक दुधाचा टेम्पो चालवतोय. पोरगी मिळंना म्हटल्यावर सोडत्यात. आईचं आयकून न्हाई सोडत." तिने पदराने नाक पुसलं. "म्या जिथं जिथं पोरगी बघाय जाती, तिथं आत यून हेच सांगती. लगीन झालं की संपलं बगा. मग बायकू, पोरं, कर्जं, मग कसला सुटतोय? भावाला कळलं तर मला जित्ती ठिवायचा न्हाई."

ज्या बाईला मी सकाळपासून मनातल्या मनात शिव्या घालत होते, ती माझ्याच बाजूची निघाली. नाही, माझ्यापेक्षा पुढची निघाली. मी माझी पोरगी वाचवायला निघाले होते, आणि ही गावोगाव फिरून स्वतःच्या मुलाला नकार गोळा करत होती. माझ्या बापाच्या आईने असं काही केलं असतं तर, असं एकदम मनात आलं. माझा जन्म झाला नसता, पण बाप म्हातारा झाला असता.

"म्हणते नाही," मी म्हटलं. "काळजी करू नका. असं म्हणते, की पुन्हा कुठे पोरगी बघायला जायची त्याची हिंमत व्हायची नाही."

तिने माझा हात सोडला आणि मगच पाणी प्यायली.

गच्चीवरून दोघं खाली आले. पोरीच्या तोंडावर काहीतरी होतं. ती माझ्याकडे आली, "आई, जरा आत ये ना," म्हणाली. मी तिला हाताने बाजूला केलं. एकदा डोकं तापलं की मला थांबता येत नाही, आणि त्या दिवशी तर मला थांबायचंही नव्हतं. कुणाला तरी दिलेला शब्द पाळायचा होता.

मी त्या मुलासमोर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रिफायनर म्हणे! अरे, दुसऱ्याचा केर धुणारा तू. नियारिया. सराफांची राख चाळायची, त्यांच्या पायाखालची माती कुटायची, आणि पन्नाशीच्या आत भिंतीला टेकून बसायचं. माझी पोर काय तुझ्या नाकातली नळी धरायला येईल? इथे मुलगी नाही मिळणार. दुसरीकडेही मागू नकोस. कुणाच्या तरी लेकीचं वाटोळं करशील."

नळीचं तोंडातून निघून गेलं. मुलाने झटकन आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती.

मामा उठला, काहीबाही बोलला, आमच्या सात पिढ्या काढल्या, आमची पायरी पुन्हा चढणार नाही म्हणाला. मी म्हटलं, पायरी धुऊन घेते. मुलाने मात्र माझ्या नवऱ्याला नमस्कार केला, मला केला, पोरीकडे बघून नुसती मान हलवली आणि गाडीत जाऊन बसला. गाडी गेल्यावर नवरा मला म्हणाला, "तुला माणसात बसवायची सोय न्हाई." मग रानात निघून गेला.

पोरगी त्या दिवशी जेवली नाही. ती चिडत नाही, ओरडत नाही, नुसती गप्प होते. पुढच्या सुट्टीला आली तेव्हाही कामापुरतं बोलली. मीही विचारलं नाही. माझं म्हणणं सरळ होतं, आज रडेल, पण विधवा तर होणार नाही. आईने एवढं तरी करावं. मनातून मला अभिमानही वाटत होता, उगाच खोटं कशाला बोलू. वर्गात पोरांना शिकवताना मध्येच आठवायचं, की एक माणूस आपण भट्टीवरून उठवला. पोल्ट्री घालेल, टेम्पो चालवेल, पण मोकळा श्वास घेईल.

दिवाळी होऊन गेली, कारखाने सुरू झाले. पोरगी सुट्टीला आली होती, पाठीला पिशवी लावून निघायच्याच तयारीत होती, तेव्हा नवऱ्याच्या मोबाईलवर त्या मुलाच्या आईचा फोन आला. कोण ते तिने सांगताच त्याने मोबाईल माझ्याकडे दिला.

"लगीन ठरलं त्याचं," ती म्हणाली.

मला आधी कळेचना. "भट्टी सोडली?"

"कुटली सोडतोय! कुंडलच्या बाजूची पोरगी हाय. तुमी न्हाई म्हणलासा, तुमच्या मागं आनकी एकीनं न्हाई म्हणलं. मला वाटलं, आता सुटतंय पोरगं. ह्या पोरीच्या आईलाबी म्या आत जाऊन सांगितलं, सगळं, जसं तुमाला सांगितलं तसंच. तिनं आयकून घेतलं. हूं हूं म्हणली. आन् भाईर यून सुपारी फोडली." मागे कुठलं तरी मशीन गुरगुरत होतं. "मला म्हणली, आवं, रिफायनर हाय म्हणत्यात, कुटं मिळतंय असलं स्थळ. तुमालाच पोराचं बरं बघवंना."

"आता काय करणार?"

"काय करायचं? आयेर घेती, लगीन करती. त्यो आजपतोर खोकत नव्हता. गेल्या म्हयन्यात आला तवा खोकत हुता."

फोन ठेवला. मला त्या कुंडलच्या बाईचा असा संताप आला, की ती समोर असती तर झिंज्या धरल्या असत्या. पोरगी दारात उभी होती, तिने एका बाजूचं का होईना ऐकलं होतं. मी म्हटलं, "तो लखनौवाला. त्याचं लग्न ठरलं. भट्टी काही सोडली नाही त्या गाढवाने."

"तो सोडणारच नव्हता," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"त्यानंच सांगितलं होतं. गच्चीवर."

"अजून काय सांगितलं?" इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा विचारत होते.

"काही नाही. त्यानं एकच विचारलं, तुमच्या लॅबमध्ये ॲसिडचा धूर कसा बाहेर काढता. अर्धा तास आम्ही तेच बोललो. मी त्याला सांगितलं की उघड्यावर नाही ओतायचं, वर धूर धरणारा हुड लागतो, मागून ओढणारा पंखा लागतो, धूर पाण्याच्या फवाऱ्यातून सोडायचा. त्याच्या दुकानाची मागची भिंत कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा विचारलं मी. तो म्हणाला, काम सोडणार नाही, पण हे करायचं. माझ्या एकट्याकडून होणार नाही, तुम्ही आलात तर उभ्या राहून करून घ्या." ती पिशवीचा पट्टा नीट करत होती. "मी हो सांगायलाच खाली आले होते."

"मग सांगायचं नाही का मला? तोंडाला कुलूप लागलं होतं?"

"आत ये म्हटलं होतं. तू बोलू दिलंस कुठं?"

मला तिचा राग आला, स्वतःचा आला, त्या बाईचा आला, जिने माझा हात धरला. खरं तर तिने धरायला हवा होता माझ्या पोरीचा हात. मी मोबाईल तिच्यापुढे केला. "लाव फोन. आत्ता लाव. तो हुड का काय ते परत समजावून सांग त्याला. बिघडलं काय? माणूस जगेल तरी."

तिने मोबाईल घेतला नाही.

"काय म्हणून लावू, आई?" ती म्हणाली. "मी त्याची कोण?"

मग लोणंदची एसटी चुकेल म्हणून ती निघून गेली.